अँटी-सेमी: अर्थ उद्या

नागसेन गुलाब सरवदे यांना माणसाची चूक चालते, शब्दाची चालत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या मुरुमच्या चौकात एका घराण्याने आजोबांच्या वर्षश्राद्धाचा फलक लावला. वर आजोबांचा फेट्यातला फोटो आणि खाली 'प्रथम पुण्यस्मरणाच्या हार्दिक शुभेच्छा'. सगळा गाव दिवसभर त्याच्याखालून गेला, कुणाला काही वाटलं नाही. संध्याकाळी सरवदेसाहेब शिडी घेऊन आले.

"काय करायलाव?" घरच्यांनी विचारलं.

"शुभेच्छा काढायलोय. आजोबा राहू द्या."

त्यांनी शुभेच्छांवर पांढरा कागद चिकटवला, त्यावर रेखीव अक्षरात 'अभिवादन' लिहिलं आणि घरच्यांनी दिलेला चहा पिऊन ते शिडी परत करायला गेले.

मी तात्या. मूळचा तुळजापूरचा, पुजाऱ्यांच्या घरातला, पण आयुष्य गेलं टपालावर शिक्के मारण्यात. निवृत्तीनंतर सुनेच्या नोकरीमुळे मुरुमला आलो आणि सरवदेसाहेबांच्या वाचनालयामुळे रमलो. बाजारपेठेत खतांच्या दुकानावर दोन खोल्या, एक गच्ची, चार वर्तमानपत्रं आणि आठेक हजार पुस्तकं. ह्या पुस्तकांत साहेब एकोणिसाव्या वर्षी शिपाई म्हणून शिरले. धूळ झटकता झटकता वाचायला लागले. वडील गुलाब रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. आई जाईबाईंना अक्षर येत नव्हतं, पण शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा त्या पोराकडून वाचून घेतल्याशिवाय टाकत नसत. पोरानं पुढे ठाण्याला मावसभावाकडे राहून ग्रंथालयाचा अभ्यासक्रम केला आणि परत येऊन त्याच वाचनालयाचा ग्रंथपाल झाला. ह्या गोष्टीला आता एकतीस वर्षं झाली.

वाचनालयाच्या जिन्यापाशी एक फळा आहे. त्यावर साहेब रोज 'आजचा शब्द' लिहितात. शब्द आणि त्याखाली अर्थ. हा उपक्रम दिसतो तेवढा निरुपद्रवी नाही. एकदा त्यांनी 'निर्ढावलेला' हा शब्द लिहिला, तर समोरच्या गल्लीतले दोघं वेगवेगळ्या वेळी येऊन "हे कुणाला उद्देशून हाय?" म्हणून विचारून गेले. साहेबांनी दोघांनाही सांगितलं, "शब्द सगळ्यांसाठी असतो. ज्याला बसला, त्याचा."

गेल्या वर्षीची गोष्ट. धुळाप्पा मुरुम ते उमरगा काळी-पिवळी जीप चालवतो. जीप भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे भरेपर्यंत तो वर येऊन पेपर वाचतो, आणि तोही मोठ्यांदा. त्या दिवशी वाचता वाचता तो अडखळला. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठात पोरं युद्धाविरुद्ध बसली होती. एक पुढारी म्हणाला होता, ही पोरं अँटी-सेमिटिक आहेत. दुसरा म्हणाला होता, ह्या शब्दाचा गैरवापर चाललाय.

"साहेब," धुळाप्पानं विचारलं, "ह्यो अँटी-सेमिटिझम काय असतंय हो?"

सरवदेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ज्यू लोकांचा द्वेष," ते म्हणाले. मग थांबले. "पण मग गैरवापर म्हणजे नेमका कसला, हे बघावं लागंल." ते खाली उतरले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं:

आजचा शब्द: अँटी-सेमिटिझम.
अर्थ: उद्या.

इतक्या वर्षांत अर्थ कधी उधार राहिला नव्हता. एका दिवसाची मोकळीक गावाला मिळाली आणि गावानं तिचं सोनं केलं. दुपारपर्यंत खतांच्या दुकानदाराचं मत पडलं की हे सिमेंटच्या विरुद्ध काहीतरी आहे. औषधांच्या दुकानातला म्हणाला, 'अँटी'नं सुरू होतं म्हणजे गोळी आहे, जेवणानंतर घ्यायची. पण चार वाजता एक शोध लागला आणि बाकीचे सगळे मागे पडले. सेमी! सेमी म्हणजे सेमी-इंग्लिश. आपल्याकडं गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून, ती सेमी. मुरुममध्ये तशी एक नवी शाळा आहे, आणि तिचे संस्थापक-अध्यक्ष कृष्णराज. म्हणजे हा शब्द कृष्णराजांच्या शाळेविरुद्ध आहे.

ह्याला एक कारणही होतं. साहेबांच्या पत्नी क्षमाताई यांनी चारच दिवसांपूर्वी शाळेला अर्ज दिला होता. त्यांची नात श्रावस्ती तिथं सातवीत. दिवाळीनंतर विज्ञानाचे सर सोडून गेले आणि तेव्हापासून विज्ञान खेळाचे सर शिकवत होते, गळ्यात शिट्टी घालून. श्रावस्तीनं घरी येऊन सांगितलं, की झाडं स्वतःचं अन्न 'फोटो सिंथेटिक'नं तयार करतात. क्षमाताई अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका होत्या, त्यांनी आयुष्यभर अहवाल लिहिले होते. त्यांनी अर्ज लिहिला तो मुद्देसूद, खाली एकोणीस पालकांच्या सह्या. पंधरावी सही माझी, कारण माझा नातूही त्याच वर्गात.

पाच वाजता कृष्णराज स्वतः जिना चढून आले. पांढरा शर्ट, कपाळावर घाम.

"सरवदेसाहेब, मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. वहिनींनी अर्ज दिला, ठीक. पण तुम्ही चौकात फळा लावता? अँटी-सेमी म्हणून?"

"अध्यक्षसाहेब, तो सेमी वेगळा हाय."

"सेमी वेगळा कसा असंल? जिल्ह्यात सेमी एकच!"

"हा जर्मनीतला हाय."

कृष्णराजांनी कपाळावरचा घाम पुसला. जर्मनीतही सेमी आहे ही बातमी त्यांना एकदम वाईट वाटली नसावी. "मग अर्थ लिहा की तिथं!"

"लिहिलंय. उद्या."

ते गेल्यावर साहेबांनी शब्दकोशांची तीन बाडं टेबलावर काढली. एकात शब्दच नव्हता, दुसऱ्यात एका ओळीत उरकला होता, तिसऱ्याचं नेमकं ते पान वाळवीनं खाल्लं होतं. मग त्यांनी एक जुनी डायरी शोधून नंबर लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवला. "ठाण्याला मला सूची करायला शिकवणाऱ्या बाई," ते मला म्हणाले. "रिबकाबाई नवगावकर. ज्यूच हायत."

मी ज्यू माणूस पाहिलेला नव्हता. माझ्या डोक्यात काहीतरी लांब कोट, लांब दाढी असं होतं. फोनमधून आवाज आला तो आमच्या मावशीचा असावा तसा. "कोण? नागसेन? अरे, जिवंत आहेस का? माझे गुडघे गेले. बोल."

साहेबांनी शब्द सांगितला. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, तेव्हापासून कोकणात आम्ही तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. बस, एवढंच म्हणायचं. मारलं नाही, हाकललं नाही. आयुष्यभर लोकांनी मला एकच विचारलं, तुम्ही ख्रिश्चन की मुसलमान? मी म्हणायची, मी नवगावकर. तेव्हा तो शब्द मला पुस्तकातच भेटला. एकदाच दारात आला, सव्वीस अकराला. त्या रात्री मुंबईत काही माणसं केवळ ज्यू म्हणून मारली. त्यानंतर आमच्या सिनेगॉगसमोर पोलीस बसायला लागला. चांगला मुलगा होता, त्याला मी चहा द्यायची."

"बाई, आता म्हणतेत की गैरवापर होतो."

"होतो ना! तिकडे ज्यूंच्या देशाचं सरकार बॉम्ब टाकतं, लहान मुलं मरतात, मला रात्रीचं जेवण जात नाही. मी तसं बोलले तर आमच्यातलाच एकजण मला म्हणाला, तुम्ही ज्यूद्वेष्ट्या. मी! ऐंशी वर्षांची! आणि इमारतीतला एकजण लिफ्टमध्ये म्हणतो, तुम्ही लोकांनी मुलं मारलीत. मी म्हटलं, अरे बाबा, मला तिसऱ्या मजल्यावर जायला लिफ्ट लागते, मी कुणाला मारणार? एकाला सरकारवर बोललं की मी द्वेष्टी वाटते, दुसऱ्याला सरकार आणि मी एकच वाटतो. तू लिहिणार आहेस ना? मग दोन्ही लिही. आणि अक्षर नीट काढ. तुझा 'झ' वाईट होता."

दुसऱ्या दिवशी फळा पुरला नाही. साहेबांनी शेजारी पुठ्ठा टांगला. त्यावर लिहिलं होतं: ज्यू माणसाचा तो ज्यू आहे एवढ्याच कारणानं द्वेष करणं; कुणी काही वाईट केलं की त्याचं खापर सगळ्या ज्यूंवर फोडणं. दीडशे वर्षांपूर्वी हा शब्द युरोपात द्वेष करणाऱ्यांनीच रूढ केला, आपला द्वेष शास्त्रीय वाटावा म्हणून. टीप एक: एखाद्या देशाच्या सरकारवर टीका करणं म्हणजे हे नव्हे. टीप दोन: सरकारचं नाव घेऊन सगळ्या ज्यूंना शिव्या देणं म्हणजे मात्र हेच.

'झ' खरंच सुंदर निघाला होता.

फळ्यापुढं गर्दी झाली. अडतदार चन्नबसप्पा यांचं वाचन दांडगं, त्यांनी आक्षेप काढला. "साहेब, सेमिटिक म्हंजे भाषांचं घराणं. अरबीबी त्यातलीच. मग अरब माणूस अँटी-सेमिटिक कसा हुईल? सोताच्याच विरुद्ध?"

"अप्पा, तुम्ही कधी कचेरीत चहापाणी दिलंय का?"

चन्नबसप्पा इकडंतिकडं बघायला लागले. "आता सगळ्यांसमोर काय सांगू?"

"त्यात चहा किती होता? पाणी किती होतं?"

लोक हसले. अप्पाही हसले. "बराबर हाय. शब्द फोडून अर्थ निघत न्हाय."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण गावाला नवा शब्द मिळाला की ते त्याला खिशात ठेवत नाही, वापरतं. तो उच्चारायला अवघड होता हीच त्याची ताकद. हॉटेलवाल्याला कुणी चहा पांचट आहे म्हटलं की तो म्हणे, "तुमी आमच्या हाटेलाचे अँटी-सेमिटिक." बसमध्ये सुट्ट्यावरून वाद झाला, प्रवाशानं कंडक्टरला हाच शब्द घातला आणि कंडक्टरनं तो शिवी समजून अर्धा तास बस थांबवली. माझ्या सुनेला मी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं, तर नातू ताटावरून म्हणाला, "आजोबा, हा अँटी-सेमिटिझम आहे." साहेबांना हे कळत होतं. ते फळ्यापाशी उभे राहून प्रत्येकाला टीप एक वाचायला लावत. लोक वाचत, मान डोलवत आणि चार पावलं पुढं गेले की परत सुरू होत.

मग शाळेची पालकसभा आली. सभागृहात शेदोनशे पालक. व्यासपीठावर कृष्णराज, खाली पहिल्या रांगेत क्षमाताई अर्जाची प्रत घेऊन बसलेल्या. कृष्णराजांनी सुरुवातीलाच बाजी मारली.

"आपल्या संस्थेविरुद्ध काही मंडळी अर्ज करायलीत. मी एकच सांगतो. सेमीविरुद्ध बोलणं म्हणजे सेमीत शिकणाऱ्या लेकरांचा द्वेष करणं. ह्याला एक जागतिक शब्द आहे. आपल्या वाचनालयाच्या फळ्यावर तो सविस्तर लिहिलेला आहे. साहेब इथंच आहेत. साहेब, सांगा, द्वेष वाईट की न्हाय?"

क्षमाताईंनी नवऱ्याकडं असं बघितलं की मला साहेबांची काळजी वाटली. ते उठले, माईकपाशी गेले.

"द्वेष वाईट," ते म्हणाले.

कृष्णराजांनी टाळी वाजवली. एकट्यानंच.

"पण मास्तर मागणं म्हंजे द्वेष न्हाय. अध्यक्षसाहेब, पोरांना शिकवायला मास्तर मागतंय ते माणूस पोरांच्या विरुद्ध कसं? ते तर पोरांच्याच बाजूचं. शाळेवर टीका केली की तुम्ही पोरांना ढालीसारखं पुढं करायलाव. माझ्या फळ्यावरचा शब्द लई रक्त सांडून आलाय. तो चांगल्या मास्तराच्या अर्जावर दडपण म्हणून वापरायचा न्हाय. उद्या खरंच कुठं द्वेष झाला, तर तो सांगायला शब्द उरला पायजे का न्हाय?"

आता टाळ्या खऱ्या पडल्या. खेळाचे सर कोपऱ्यात उभे होते, तेही वाजवत होते, जरा जास्तच मनापासून.

तेवढ्यात मागून धुळाप्पा उठला. त्याचाही मुलगा सातवीत. "साहेब बोलले ते शंभर टक्के! म्या साहेबांच्या बाजूनं हाय. आन् म्या सांगतो ह्या शाळेचं वाटोळं कशानं झालं. मास्तर काय करंल? ती तांड्यावरची आन् वस्तीतली फुकटच्या कोट्यातली पोरं भरलीत वर्गात. त्या लोकांची पोरं असलीच. ती आली की मास्तर पळतोय, शाळा बसती..."

"धुळाप्पा, बस खाली," साहेब माईकवरून म्हणाले.

"आवो, म्या तर तुमच्याच बाजूनं बोलायलोय!"

"म्हणूनच बस म्हणतो. आता जे तू बोलायलास ना, तेच ते. टीप दोन."

"त्यात ज्यू कुठं आले?"

"ज्यू न्हाय आले. 'त्या लोकांची पोरं असलीच' हे आलं. रोग तोच, गाव दुसरं."

धुळाप्पा गोंधळला. मग त्यानं समजूत घालण्याच्या सुरात ते वाक्य टाकलं, जे त्यानं टाकायला नको होतं. "साहेब, तुमची श्रावस्ती तसली न्हाय हो. तुमचं घर येगळं."

क्षमाताईंच्या हातातला अर्ज खाली आला. साहेबांच्या चेहऱ्यावर राग मला दिसला नाही. थकवा दिसला. इतक्या वर्षांत तो मी पहिल्यांदाच पाहिला.

"माझे वडील एकदा गावातल्या विहिरीचं पाणी मागायला गेले," ते हळू आवाजात म्हणाले, माईक असूनही वाकून ऐकावं लागलं. "तर गाव म्हणालं, गुलाब गावाशी वैर धरायलाय. पाणी मागणं वैर न्हवतं. अध्यक्षसाहेब, ते तुमच्यासाठी सांगितलं. आन् धुळाप्पा, त्याच दिवशी पाटील वडलांना बाजूला घेऊन म्हणाले, तू चांगला हायेस, तुला एकट्याला नेऊ देतो, बाकीच्यांना न्हाय. वडील म्हणाले, मग मलाबी तहान न्हाय. हे तुझ्यासाठी."

ते खाली उतरले आणि जागेवर जाऊन बसले. पुढं काय करायचं हे व्यासपीठावर कुणालाच सुचेना, म्हणून त्यांनी चहा आणला.

आठवडाभरात उमरग्याहून विज्ञानाच्या एक बाई तासिका तत्त्वावर रुजू झाल्या. क्षमाताईंनी दुसरा अर्ज दिला, बाईंना पूर्ण वेळ घ्या म्हणून. कृष्णराजांनी तो हसून घेतला. हसण्याखेरीज त्यांना इलाज नव्हता, कारण आता सह्या एकशे सात होत्या.

धुळाप्पा मात्र महिनाभर वाचनालयात फिरकला नाही. जीप भरेपर्यंत खालीच उभा राहायचा, पेपर न वाचता. साहेबांनी काही निरोप पाठवला नाही. मी म्हटलं, "तुम्हीच बोला की." ते म्हणाले, "तात्या, मी माईकवर बोललोय. ह्याच्यापेक्षा मोठ्यांदा कसं बोलू?"

मग आम्हा दोघांना डोळे तपासायला उमरग्याला जायचं होतं. बस गेलेली, म्हणून जीपपाशी आलो. धुळाप्पानं आम्हाला बघून न बघितल्यासारखं केलं, पण पुढच्या सीटवर बसलेल्या पोराला मागं हाकललं. आम्ही पुढं बसलो. जीप हायवेला लागली.

"म्या काय वंगाळ बोललो, साहेब?" समोर बघतच धुळाप्पानं विचारलं. "सगळेच म्हणतेत. चारचौघांत तुमी माझी पार लाज घालवली."

"घालवली," साहेब म्हणाले. "ते चुकलं असंल माझं. बाजूला घेऊन सांगायला पायजे होतं. पण तूबी बाजूला घेऊन न्हाय बोललास."

"तुमची नात त्यात धरली न्हवती मी."

"तीच तर खोच हाय. तुझ्या पोराच्या वर्गात तांड्यावरची किती पोरं हायत?"

"चार."

"नावं सांग."

धुळाप्पानं एक ट्रक जाऊ दिला. दुसरा जाऊ दिला. "एक गणितात हुशार हाय म्हणतो पोरगा. त्याच्याकडंच गणित विचारतंय घरी येऊन फोनवर."

"नाव?"

"ते... पोराला ठाव."

"विचार मग पोराला."

"विचारतो." त्यानं गियर बदलला. "पण कोटा मला पटत न्हाय, आधीच सांगतो. सरकारचं धोरण चुकीचं हाय. त्यावर म्या बोलणार."

"बोल की. तेवढ्यावरच बोल. ऐकायला मी हाय."

"तुमी वाद घालताल."

"घालीन."

धुळाप्पा पहिल्यांदाच हसला, अर्धवट. मग त्यानं करकचून ब्रेक दाबला आणि मागं वळून ओरडला, "उतरा, उमरगा आलं!"